पाय बधिर होतात, सवय होईल का? झाडावरच्या हार्नेसबद्दल

काका, नमस्कार.

मी मखमलाबादला राहतो, वय २७. आधी द्राक्षबागांत छाटणीच्या टोळीबरोबर जायचो. तीन वर्षांपासून मी आणि माझा चुलतभाऊ सोसायट्यांतली, बंगल्यांतली झाडं छाटायची कामं घेतो. सुरुवातीला कमरेला दोर बांधून चढायचो. गेल्या वर्षी मेव्हण्याने अंबडच्या कारखान्यात वापरतात तसला, पाठीला हुक असलेला बेल्ट आणून दिला. त्यात लटकून काम करायला गेलं की पंधरा-वीस मिनिटांत पाय बधिर होतात आणि घरी आल्यावर मांडीवर काळे-निळे वळ दिसतात. एका दुकानदाराने झाडकामाचा परदेशी हार्नेस दाखवला, किंमत पाच आकडी. दुसरा म्हणाला, डोंगर चढणाऱ्यांचा घे, पुष्कळ स्वस्त पडेल. आई म्हणते, वडील जन्मभर कमरेला दोर बांधूनच चढले. मी सडपातळ आहे, कमर २९ इंच. फळीवर बसायचा घेऊ की पट्ट्यांचा? एवढे पैसे घालावेत, की या बेल्टची सवय होईल? पुढच्या महिन्यात गंगापूर रोडला एका सोसायटीतला मोठा वड घेतलाय.

— एक वाचक, मखमलाबाद, नाशिक

काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. सवय होणार नाही. तू होऊही देऊ नकोस. मांडीवर अरुंद पट्टा रुतला की पायातून वर परतणारं रक्त तिथे अडतं. आपण चालतो, पाय हलवतो, तेव्हा पोटरीचे स्नायू ते रक्त वर ढकलत असतात. पाय लोंबकळत, न हलता राहिले तर ते ढकलणं थांबतं आणि रक्त पायातच साचत जातं. हृदयाकडे कमी येतं, डोक्याकडे त्याहून कमी जातं. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. माणूस तसाच उभ्या अवस्थेत बेशुद्ध लटकत राहिला तर दोर न तुटता, कुठेही न पडता त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून तुझे पाय पंधराव्या मिनिटाला जे सांगतात ते सोसून काम रेटू नकोस. बधिर पाय फांदीवर नीट टेकत नाहीत, आणि उतरण्याच्या घाईत हातातली करवत भलतीकडे जाते.

मी स्वतः हे भोगलंय. पंचवीसएक वर्षांपूर्वी दिंडोरी रस्त्याच्या एका मळ्यात उंच सिल्व्हर ओकवर होतो. अंगात नवाकोरा हार्नेस. दुकानात उभ्याने घालून पाहिला होता, छान बसला होता. चाळीस फुटांवर वजन टाकल्यावर कमरेचा पट्टा सरकत बरगड्यांपर्यंत वर आला आणि मांडीचे पट्टे गुडघ्याकडे घसरले. श्वास अर्धाच जात होता. आलोच आहोत वर तर दोन फांद्या काढूनच उतरू, असं म्हणत अर्धा तास काढला. खाली आलो, पाय जमिनीला लागले आणि मी तसाच बसलो. गुडघ्याखाली काही आहे असंच वाटेना. मळ्यातल्या बाईंनी पाणी आणून दिलं. त्या दिवसापासून मी हार्नेस उभ्याने घालून विकत घेत नाही. लटकून घेतो. तुला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे, तिच्याकडे खाली सविस्तर येतो.

आधी आईंचं. त्या चुकीचं सांगत नाहीत, पण तुझं काम वडिलांच्या कामापेक्षा वेगळं झालंय. वडील फांदीवर पाय रोवून उभे राहायचे, वजन पायांवर असायचं. कमरेचा दोर फक्त तोल गेला तर धरून ठेवायला. आंब्याच्या किंवा चिंचेच्या बेचक्यात उभं राहून कोयत्याने चार फांद्या तोडायच्या तर ते निभून जायचं. तू मात्र फांदीच्या टोकाकडे जातोस, हवेत लटकून करवत चालवतोस. पाय सुटून सगळं वजन त्या एका दोरावर आलं तर तो पोटावर, छातीच्या पडद्यावर आवळतो आणि काही मिनिटांत श्वास घेणं मुश्कील होतं. आईंना एवढंच सांग की वडिलांचं वजन पायांवर होतं, माझं दोरावर असतं. त्यांना पटेल.

मेव्हण्याने दिलेला बेल्ट टाकाऊ नाही, फक्त त्याचं काम निराळं आहे. तो पूर्ण अंगाचा हार्नेस पडणाऱ्याला झेलण्यासाठी असतो. सातपूर-अंबडच्या शेडवर पत्रे बसवणारा माणूस पायांवर उभा असतो, पडलाच तर पाठीच्या कडीवर झेलला जातो आणि कोणीतरी लगेच येऊन त्याला काढतं. दिवसातले चार तास त्यात बसायची कल्पना बनवणाऱ्यानेच केलेली नसते. कडी दोन खांद्यांच्या मधोमध पाठीला, त्यामुळे तू लटकलास की तोंड खाली जातं, खोडापासून लांब झुलतोस आणि हात पोचत नाहीत. मांडीचे पट्टे दोन बोटांएवढे रुंद, गादी नाही. वळ उठणारच. तो बेल्ट जपून ठेव. एखाद्या कामाला हायड्रॉलिक शिडीची गाडी मिळाली तर तिच्या पाळण्यात उभं राहताना तोच घालायचा.

डोंगर चढणाऱ्यांच्या हार्नेसबद्दल दुकानदाराने सांगितलं ते अर्धवट. नाशिकचा माणूस म्हटल्यावर अंजनेरी, हरिहर, ब्रह्मगिरी करणारे दोन-चार मित्र तुझेही असतील. त्यांच्याकडे तो हार्नेस असेल तर मागून घे आणि अर्धा तास लटकून बघ. हलका असतो, पडणं उत्तम झेलतो. पण कातळावरचा माणूस बहुतेक वेळ हातापायांवर असतो, हार्नेसवर तो अधूनमधून टेकतो. म्हणून कमरपट्टा अरुंद, गादी पातळ. बाजूला कड्या नसतात, म्हणजे खोडाभोवती फिरवलेला आखूड दोर, आपण ज्याला लॅनयार्ड म्हणतो, तो कमरेच्या दोन्ही बाजूंना लावता येत नाही. समोर एकच कापडी फास. त्यात तू डावीकडे वळलास की सगळा हार्नेस अंगावर पिळतो. गादीच्या पट्ट्यांना करवत अडकवून ओढ बसली की एका बाजूला कलंडतो. झाडकामासाठी घेऊ नकोस.

आता झाडकामाच्या हार्नेसमध्ये वेगळं काय असतं ते बघ, म्हणजे पाच आकडी किंमत कशाची आहे ते कळेल. कमरपट्टा पाठीमागे हातभर नसला तरी चांगला वीतभर रुंद, गादी असलेला. मांडीचे पट्टे रुंद, कडा गोल शिवलेल्या. कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक डी-रिंग, म्हणजे इंग्रजी डीच्या आकाराची कडी, लॅनयार्डसाठी. आणि समोर सगळ्यात महत्त्वाचा भाग, ब्रिज. मांड्यांच्या वर, दोन बाजूंच्या कड्यांमध्ये ताणलेला एक आखूड दोर आणि त्यावर सरकणारी एक कडी. तुझा मुख्य दोर या कडीला लागतो. तू उजवीकडे झुकलास की कडी ब्रिजवरून सरकते आणि हार्नेस जागेवर राहतो. फांदीच्या टोकाला तिरपं झुकून करवत लावताना दोन्ही मांड्यांवर वजन सारखं राहतं ते या सरकण्यामुळे. पेट्झलचा सेक्वोया किंवा टॉयफेलबर्गरचा ट्रीमोशन हे जे नावाजलेले हार्नेस आहेत, त्यांची सगळी रचना या ब्रिजभोवती आहे. ब्रिज झिजतो, म्हणून तो बदलता येतो. घेताना विचार: सुटा ब्रिज मिळतो का, कितीला मिळतो, किती दिवसांत येतो? याचं उत्तर देता आलं नाही तर तो दुकानदार तुझ्या उपयोगाचा नाही. ब्रिज लांब ठेवला की वळायला मोकळीक मिळते, पण मुख्य दोरावर वर-खाली सरकवायची गाठ किंवा यंत्र तोंडापासून दूर वर जातं आणि हात ताणावा लागतो. आखूड ठेवला की हाताशी येतं, पण कमरेच्या कड्या आत ओढल्या जाऊन हाडांना चिमटा बसतो. ज्यात लांबी कमी-जास्त करता येते असा घे.

फळी की पट्टे? तुझ्यासाठी पट्टे, माझं मत स्पष्ट आहे. फळीवर बसलं की झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटतं, हे खरं. वजन मांडीखाली पसरतं, एका जागी लटकून तासभर काम असेल तर सुख लागतं. पण आपली झाडं बघ. वड, उंबर, रेन ट्री, गुलमोहर ही पसरणारी झाडं. त्यांच्यात तू एका जागी बसत नाहीस. आडव्या फांदीवरून चालत टोकापर्यंत जातोस, बेचक्यातून अंग काढतोस, पारंब्यांमधून वळतोस. फळी अशा वेळी प्रत्येक खुंटाला अडकते, पाय वर उचलताना आडवी येते. मी दोन वर्षं फळीवाला वापरला आणि वडात शिरलो की दर वेळी तिच्याशी झटापट व्हायची. निलगिरी किंवा सिल्व्हर ओकसारख्या सरळसोट खोडांचं काम तुझ्याकडे जास्त असतं तर मी कमरपट्ट्याकडे अधिक लक्ष द्यायला सांगितलं असतं, कारण तिथे तू पाय खोडाला लावून लॅनयार्डवर मागे रेलून उभा असतोस आणि सगळा भार पाठीच्या खालच्या भागावर येतो.

(खोडावर लोखंडी काटे लावून चढायची पद्धत तू कुठे पाहिली असशील. झाड पूर्ण काढायचं असेल तरच ती. छाटणीच्या झाडाला काटे मारू नकोस. प्रत्येक भोक म्हणजे बुरशीला दार, आणि नारळासारख्या झाडाची ती जखम कधीच भरत नाही.)

आता मापाकडे येतो. सडपातळ माणसाची इथेच फसगत होते आणि दुकानदार हमखास "पट्टा ओढून घ्या, बसेल" असं म्हणतो. हे हार्नेस युरोपातल्या अंगकाठीवर बेतलेले असतात. २९ इंच कमर म्हणजे तू बहुतेक सगळ्यात लहान मापात येशील, तेही त्याच्या खालच्या टोकाला. मोठं माप घेऊन ओढून बसवलंस तर काय होतं? गादीची दोन टोकं पोटावर एकमेकांना भिडतात, बाजूच्या डी-रिंगा सरकून पुढे येतात, ब्रिज ढिला लोंबतो. मग लॅनयार्डवर रेललास की ओढ बाजूंऐवजी पुढून लागते आणि पाठीला आधारच राहत नाही. डी-रिंगा पँटच्या बाजूच्या शिवणीच्या रेषेत किंवा किंचित पुढे असल्या पाहिजेत. घट्ट केल्यावर बकलाच्या पलीकडे दोन्हीकडे पट्ट्याचं शेपूट सारखं उरलं पाहिजे आणि दोन्ही दिशांना वाव राहिला पाहिजे. जानेवारीत निफाडकडच्या थंडीत सकाळी सातला तू स्वेटर घालून चढशील आणि मे महिन्यात पातळ सदऱ्यावर. पट्टा दोन्हीला पुरला पाहिजे. माप घेताना पँटच्या मापावर जाऊ नकोस. टेप घे, कामाची पँट घाल, कमरेच्या हाडांच्या लगेच वर एक माप घे आणि मांडीचं माप अगदी वर, जांघेजवळ घे. हे आकडे कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघ.

आणि आता लटकणं. दुकानदार तयार नसेल तर घेऊ नकोस. पोस्टाने मागवणार असशील तर आधी लेखी विचार की लेबल न काढता, न मळवता परत घेणार का. घरी आल्यावर एखादी जाड, जिवंत, खात्रीची फांदी बघ, पाय जमिनीपासून वीतभर उचलतील एवढ्याच उंचीवर. घरातल्या पंख्याच्या हुकाला कधीच नाही. दोर बांधायला तुझा कोणी डोंगरवाला मित्र असेल तर त्याला बोलाव. चुलतभाऊ शेजारी उभा हवाच.

कामाची पँट घाल, खिसे रिकामे कर. मोबाइल, किल्ल्या, तंबाखूची डबी, काही नको. पट्ट्याखाली दाबली गेलेली किल्ली पाऊण तासाने खिळ्यासारखी लागते. आधी कमरपट्टा आवळ. तो कमरेच्या हाडांच्या वर बसून दोन्ही हातांनी खाली ढकलला तरी हाडांवरून उतरता कामा नये. उलटा झालास तर तू त्यातून निसटायचा नाहीस, याची खात्री ती. मग मांडीचे पट्टे, अगदी वर, नितंबाच्या घडीला लागून. पट्टा आणि मांडी यांच्यात सपाट तळहात जावा, मूठ जाऊ नये.

आता हळूहळू वजन टाक आणि अंगाला विचार, भार कुठे आहे? जास्त भार मांड्यांखाली आणि नितंबाखाली हवा, कमरेने फक्त पाठ धरून ठेवावी. कमरपट्टा बरगड्यांकडे चढायला लागला, माझ्यासारखा, तर मांडीच्या पट्ट्यांना वर जोडणारे उभे पट्टे लांब आहेत. आखूड कर, पुन्हा बस. मांडीचा पट्टा गुडघ्याकडे घसरत असेल तर मागचे, नितंबावरून जाणारे पट्टे आवळ. जांघेत चिमटा बसतो का ते नीट बघ. पुरुष लाजून हे बोलत नाहीत आणि मग वर गेल्यावर रडकुंडीला येतात. चिमटा बसत असेल आणि कितीही जुळवून जात नसेल तर तो हार्नेस तुझ्या अंगाचा नाही, मग तो कोणत्या का नावाचा असेना.

पहिली पाच मिनिटं कुठलाही हार्नेस गादीसारखाच वाटतो. खरं काय ते वीस मिनिटांनी कळतं. म्हणून पूर्ण अर्धा तास काढ, घड्याळ लावून, आणि नुसता बसू नकोस. डावीकडे पूर्ण झुक, उजवीकडे झुक. डोक्यावर हात ताणून खोटी करवत चालव. एक गुडघा छातीपर्यंत उचल, उंच फांदीवर पाय टाकतोस तसा. लॅनयार्ड खोडाभोवती टाकून मागे रेल. कमरेच्या हुकांना एका बाजूला करवत, दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली आणि सामानाची पिशवी लटकव. हार्नेसचं स्वतःचं वजन दीड ते अडीच किलोच्या आसपास असतं, पण करवत आणि सामान धरून तू त्याच्या कितीतरी पट ओढत असतोस, आणि ते कमरेला कुठे टांगलं जातं यावर संध्याकाळची पाठदुखी ठरते. सामान जास्त असेल तर खांद्यावरून जाणारे पातळ पट्टे लावता येतात का ते बघ. दर पाच मिनिटांनी पायाची बोटं हलव. मुंग्या आल्या तर कुठल्या पायाला, कितव्या मिनिटाला, ते चुलतभावाला लिहून ठेवायला सांग. खाली उतर, दोन उठाबशा काढ, दहा पावलं चाल. लगेच नीट चालता आलं, तर तो हार्नेस विचारात घ्यायचा.

लेबल वाचल्याशिवाय पैसे काढू नकोस. ईएन ८१३ आणि ईएन ३५८ हे दोन्ही आकडे त्यावर हवेत. पहिला बसून लटकायच्या हार्नेसचा युरोपीय निकष, दुसरा कमरेला दोर लावून जागेवर रेलून काम करायच्या पट्ट्याचा. तुझ्या जुन्या बेल्टवर ईएन ३६१ किंवा आपला आयएस ३५२१ असेल. तो पडणं झेलायच्या जातीचा. यावरूनच एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. झाडाचा हार्नेस कितीही महाग असला तरी तो मोठी पडझड झेलायला केलेला नाही. दोर वरच्या फांदीतून आलेला आणि कायम ताणलेला हवा. लॅनयार्ड कमरेच्या पातळीला किंवा वर, आणि त्यात इतकीच ढील की सटकलास तरी ०.६ मीटरहून जास्त खाली जाऊ नयेस. दोर जिथे अडकवलाय त्या जागेच्याही वर चढून उभं राहायचं आणि खाली ढील सोडायची, ही सवय असेल तर आजच मोड. यांत्रिक करवत हातात असताना दोन जागी बांधलेला राहा, मुख्य दोर आणि लॅनयार्ड; एक चुकून कापला गेला तरी दुसरा धरतो. त्या वेळी आत पोलादी तार असलेला लॅनयार्ड असेल तर फारच बरं.

लेबलवर बनवल्याची तारीख आणि अनुक्रमांकही बघ. कापडी साधनांना बरेच उत्पादक बनवल्यापासून १० वर्षांची कमाल मर्यादा देतात, पण तुझ्यासारख्या रोजच्या कामाला ती त्याच्या आतच संपते. गोदामात पाच वर्षं पडून असलेला माल सवलतीत मिळतोय म्हणून खूश होऊ नकोस. वापरलेला हार्नेस अजिबात घेऊ नकोस. तो कशावर पडला, कशात भिजला, हे विकणारा सांगत नाही.

तू द्राक्षातला आहेस म्हणून हे खास सांगतो. हार्नेस औषधांच्या खोलीत कधी ठेवू नकोस. गोडी छाटणीनंतर डोळ्यांना लावायची पेस्ट, बोर्डोचा चुना, पंपाची बॅटरी, पेट्रोलचा कॅन, साखळीचं तेल, यांच्या शेजारी पडलेला नायलॉनचा पट्टा बाहेरून धडधाकट दिसतो. आम्लाने नायलॉन कुजतं, तीव्र अल्कलीने पॉलिएस्टर. उन्हानेही धागा मरतो. घरात सावलीत, खुंटीला टांगून ठेव, उंदरांच्या वाटेपासून दूर. घामाने खारट झाला की साध्या कोमट पाण्यात सौम्य साबणाने धू आणि सावलीत वाळव. रोज चढण्याआधी सगळी शिवण बोटांनी चाचप, ब्रिज वाकवून बघ, आतला गाभा कुठे मऊ लागतो का ते. करवतीचा छोटासाही काप पट्ट्यावर दिसला तर तो त्या दिवशी बाद.

आणखी एक, कारण हे मी दोन-तीन जणांकडे पाहिलंय. मांडीला रुतायला लागलं की माणूस हार्नेस घेऊन गाड्यांच्या सीट शिवणाऱ्याकडे जातो आणि स्पंज आणि रेक्झिन शिवून आणतो. सुई भार घेणाऱ्या पट्ट्यातून गेली की तो पट्टा कमकुवत झाला. गादी हवीच असेल तर कंपनीची सुटी, सरकवायची गादी मिळते का ते विचार.

पैशांचं. तू आठवड्यातून चार-पाच दिवस झाडावर असशील तर झाडकामाचाच हार्नेस घे, उसनवारी करून नाही, दोन-तीन महिने बाजूला टाकून. आत्ताच पुरत नसेल तर मधला रस्ता आहे. टॉवरवर, उंच इमारतींच्या काचांवर दोराने लटकून काम करणारे जो बसका हार्नेस वापरतात, तो तुला त्याहून कमी किमतीत मिळू शकेल. त्यावरही ईएन ८१३ आणि ईएन ३५८ असतात, बाजूच्या कड्या असतात, गादी रुंद असते, तासन्‌तास लटकायलाच केलेला असतो. त्यात ब्रिज नसतो, समोर एक पक्की कडी असते, म्हणून वळताना थोडा पिळेल. पण आजच्यापेक्षा तुझ्या मांड्या पुष्कळ सुखात राहतील. फक्त त्याला घरी दोर बांधून ब्रिज करायला जाऊ नकोस. ज्या कड्या त्यासाठी घडवलेल्या नाहीत त्यांच्यावर तो भार टाकायचा नाही.

आणि चुलतभाऊ. तू पत्रात त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिलीस. तो वर चढून तुला उतरवू शकतो का? वर तू बेशुद्ध झालास तर बधिर पायांचा तो हिशोब तिथूनच सुरू होतो. शिडीची गाडी यायची वाट बघण्याएवढा वेळ नसतो. त्याच्याही मापाचा हार्नेस आणि दुसरा दोर प्रत्येक कामावर गाडीत हवा, आणि महिन्यातून एकदा कमी उंचीवर एकमेकांना उतरवायचा सराव करा. तुझा हार्नेस त्याला बसेल असं धरून चालू नकोस. खाली आणल्यावर १०८ ला फोन, पाय पुन्हा हुशारीत आले तरीसुद्धा दवाखाना. म्हणून पैशांचा हिशोब मांडताना तो दोघांचा मांड. तुला भारी आणि त्याला काहीच नाही, यापेक्षा दोघांना मधला घेतलास तर मी तुझ्या बाजूने आहे.

गंगापूर रोडच्या वडाबद्दल. तारीख पुढे ढकल. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांग की साधन येईपर्यंत चढणार नाही, आणि तेवढ्या वेळात त्यांनी महापालिकेच्या उद्यान विभागाची लेखी परवानगी हातात आणून ठेवावी. १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली ती लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्षात धरलं जातं. त्या वडाचं वय काढायला लाव. तारा जवळ असतील तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्यायचा, तेही त्यांनीच. आणि वर आग्या मोहोळ आहे का, ते दुर्बिणीने खालूनच बघून ये.

हार्नेस आला की आधी अंगणातल्या झाडावर अर्ध्या तासाची ती बैठक कर. मग मला दोन ओळी लिही: कमरेच्या बकलाबाहेर दोन्हीकडे पट्ट्याचं शेपूट किती बोटं उरलं, आणि पहिली मुंगी कितव्या मिनिटाला आली.